चिऱ्यांच्या जुन्या घराला ओल: टाइल, केमिकल की चुना?

सुरंगी:
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातलं सासरचं घर. जुनं, चारी बाजूंनी सोपे, मधे राजांगण. भिंती चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या), दरजांत माती, वर मंगळुरी कौलं. राहणारे तिघंच: सासूबाई आणि आम्ही दोघं. काही वर्षांपूर्वी दिरांनी हौसेने घर 'नवं' केलं. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून पुट्टी आणि धुता येणारा चकचकीत रंग, भिंतींना भिडवून सगळीकडे पेव्हर ब्लॉक, खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या.

आता देवघराच्या आणि मागच्या खोलीच्या भिंतीला कमरेइतकी ओल आहे. रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, मागून पांढरी भुकटी निघते. झाडली की आठवड्यात परत हजर. पश्चिमेच्या भिंतीला वरच्या अंगालाही काळे डाग. श्रावणात सासूबाईंच्या पोथ्यांवर हिरवट बुरशी येते, कपाट उघडलं की कुबट वास. आणि मे महिन्यात पावसाचा थेंब नसताना लादी ओली होते ती वेगळीच.

ठेकेदार म्हणतो, भिंतीला भोकं पाडून केमिकल भरू आणि वर चार फूट टाइल लावू, 'दिसणारच नाही'. नवऱ्याला आमच्या खोलीत एसी आणि त्यासाठी जिप्समचं छत हवंय. सासूबाई म्हणतात, चूल होती तोवर हे असलं काही नव्हतं. कोणाचं ऐकू?

घुमट:
सासूबाईंचं. (सविस्तर रात्री लिहितो.)

पावसुलो:
टाइल लावायची असेल तर पाच फूट लावा, कारण ओल चार फुटांवर थांबणार नाही. आमच्या डिचोलीच्या घरी हाच प्रयोग झालाय. खालून सुकायची वाट बंद झाली, ओल टाइलच्या मागून चढली आणि वरून फुटली. आता टाइलच्या वर दीड फूट पट्टा काळा. फोटो टाकला असता, पण बायको म्हणते घराची अब्रू चव्हाट्यावर नको.

चिरेखाण:
सुरंगीताई, मी आयुष्यभर बांधकाम खात्यात घालवलं, आता निवृत्त आहे. सवयीने जरा लांबण लावतो.

तुमच्याकडे एक ओल नाही, निदान तीन आहेत, आणि तिन्हींवर एकच औषध देणाऱ्या ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवा. कमरेइतकी ओल जमिनीतून वर चढतेय. पश्चिमेच्या भिंतीचे वरचे डाग म्हणजे झड, नाहीतर वरून गळती. मे महिन्यातली लादी हा हवेचा प्रकार आहे, त्याचा भिंतीशी संबंध नाही. पोथ्यांची बुरशी बहुधा हवेचीच.

खात्री करायची असेल तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन घ्या. ओलसर भिंतीचा पृष्ठभाग पुसून, जमेल तितका सुकवून, चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करून तो लावा. दोनेक दिवसांनी बघा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी हवेतलं. फॉइलच्या मागे, भिंतीकडे ओल असेल तर पाणी भिंतीतलं. दोन्हीकडे असेल तर नशीब. एकाच जागी लावू नका, देवघरात खाली-वर आणि पश्चिमेला अशी वेगवेगळी लावा.

आता मुख्य गोष्ट. चिरा हा भोकाभोकांचा दगड. तो पाणी पितो आणि सोडतोही. आपल्या जुन्या घरांत जोत्याखाली ओल अडवणारा थर नसायचा. ओल तेव्हाही चढायची, पण बाहेरून चुन्याचा गिलावा, आतून चुन्याचा हात, त्यामुळे चढेल तितकी उडून जायची. तुमच्या दिरांनी दोन्ही बाजूंनी बुच मारलं. सिमेंट पाणी आत यायला पुरतं अडवत नाही, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि झडीचं पाणी त्यांतून आत शिरतं. पण सुकायच्या वेळी मात्र ते आडवं येतं. मग ओल मिळेल तिथून, म्हणजे तुमच्या पुट्टीतून बाहेर पडते. पांढरी भुकटी म्हणजे क्षार. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाखाली साठतात, त्यांचे खडे फुगतात आणि रंगाला ढकलतात. खाडीच्या किंवा खाजन (भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या) जमिनीच्या शेजारी घर असेल तर हे क्षार जास्त, आणि ते स्वतःच हवेतला दमटपणा ओढतात. त्यामुळे तिथल्या भिंती पाऊस संपल्यावरही ओलसर लागतात.

पेव्हर ब्लॉक बघा. ते बसवताना खाली खडी आणि भुकटी घालतात, म्हणजे अंगण सहज अर्धा-पाऊण फूट उंच होतं. समोरचा रस्ताही दर वेळी डांबर पडून वर येतो. जोतं होतं तिथेच राहतं. तुमच्या घराचं जोतं आज बाहेरून किती दिसतं? दोन फुटांचं सहा इंच झालं असेल तर अर्धं उत्तर तिथेच आहे. त्यात गोव्यात मोसमात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हिशेब करा: १०० चौरस मीटर छपरावर जून ते सप्टेंबरमध्ये तीन लाख लिटर पाणी पडतं. ते पागोळीतून पेव्हरवर आपटतं आणि भिंतीवर उडतं. पूर्वी खाली माती किंवा खडी असायची, शिंतोडे कमी उडायचे.

केमिकलबद्दल: ते थोतांड नव्हे. एकसंध विटेच्या भिंतीत व्यवस्थित भरलं तर काम करतं. पण दीड-दोन फूट जाड चिऱ्यांची भिंत, पोटात माती, कुठे पोकळी, तिथे औषध कुठल्या वाटेने गेलं हे भरणाऱ्यालाही कळत नाही. आधी पाणी तोडा. औषधाचं नंतर बघू.

मांडवीकाठ:
चिरेखाणबाब, आदर राखून बोलतो. चुना चुना म्हणून गळे काढणं सोपं आहे. चुना भिजवून मुरवणारा, पातळ थर देणारा, रोज पाणी शिंपडणारा गवंडी आज कुठे आहे? सांगा, मी आत्ता गाडी काढतो. सिमेंटचा गवंडी सकाळी येतो, संध्याकाळी भिंत सपाट. आणि चिरे उघडेच ठेवले तर? न चुना न सिमेंट. हल्ली सगळी हॉटेलं तशीच करतात, दिसायलाही झकास.

चिरेखाण:
उघड्या चिऱ्यांचं सांगतो. जुन्या गोव्याची बॉम जेझूस बासिलिका १६०५ ला उभी राहिली, तेव्हापासून तिच्या अंगावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज असतानाच, तो काढून चिरे उघडे केले गेले. आज पर्यटकांना वाटतं ती मुळातच तांबडी आहे. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो दगड झिजतोय आणि परत गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. एवढ्या जाड भिंतींच्या इमारतीची ही गत, तर तुमच्या-माझ्या पश्चिमेच्या भिंतीचं काय. आतल्या सोप्यात, जिथे झड पोचत नाही, तिथे खुशाल उघडे ठेवा.

गवंड्याचं मात्र तुमचं खरं आहे. माझ्या माहितीतले दोघं थकले, मुलं गल्फला. हल्ली पोत्यातून तयार जलीय चुना (पाण्याबरोबर घट्ट होणारा) मिळतो, तो सिमेंटच्या गवंड्याला शिकवता येतो. त्याला फक्त दोन गोष्टी निक्षून सांगायच्या: आत सिमेंटची मूठ टाकायची नाही, आणि घाई करायची नाही. पहिली तो ऐकत नाही, पाठ फिरली की टाकतो. समोर खुर्ची टाकून बसावं लागतं.

अबोली:
हवेच्या बाजूबद्दल मी लिहिते. जुने कागद जतन करण्याच्या कामात आहे, त्यामुळे बुरशीशी रोजची उठबस.

मे महिन्यातली लादी: बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के दमटपणा असेल तर ती हवा २७ अंशांच्या आसपास थंड झाली की तिच्यातून पाणी सुटतं. जमिनीला टेकलेली लादी सकाळी तेवढी थंड असतेच. म्हणजे लादी गळत नाही, हवा तिच्यावर पाणी टाकते. अशा दिवशी सकाळी दारंखिडक्या सताड उघडल्या तर आणखी ओली होईल. पंखा लावा, ऊन चढून लादी तापल्यावर उघडा. गुळगुळीत लादीवर हे जास्त दिसतं. शेणाने सारवलेली जमीन तेवढं पाणी पिऊन टाकायची.

आता जुलै. त्या महिन्यात बाहेरचीच हवा ८५-९० टक्के दमट असते. 'खिडक्या उघडा, घर सुकेल' हे तेव्हा खरं नाही. वारा खेळता ठेवायचा तो कोपऱ्यात हवा कोंडू नये आणि घरात तयार होणारी वाफ बाहेर जावी म्हणून. ती वाफ किती? एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. ते फक्त ज्वाळेचं. भाताच्या पेजेची वाफ वेगळी, आणि मशीनमधून काढलेले कपडे सोप्यात दोरीवर घातले तर त्यांतलं पाणी वेगळं. चुलीच्या वर कौलांत धुराला वाट असायची. आज तिथे गॅस आहे, वाट बुजवलेली आणि बाहेर हवा फेकणारा पंखा नाही. कपडे ज्या खोलीत वाळत घालता, तिचं घराच्या आतलं दार बंद ठेवा, बाहेरचं उघडं.

सरकत्या खिडक्यांबद्दल तर बोलूच नये. पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते. जुन्या दारांच्या वर लाकडी जाळी असायची, शिंपल्यांच्या तावदानांना फटी असायच्या, खोलीतून खोलीत वारा जायचा. दिरांनी जुन्या चौकटी विकल्या नसतील तर माळ्यावरून उतरवा.

पोथ्या: बुरशी ७० टक्क्यांच्या वर काही दिवस सलग मिळाले की धरते. ओल्या फडक्याने पुसू नका, ती आणखी पसरते. कोरड्या दिवशी बाहेर ओसरीवर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने बांधणीपासून बाहेरच्या दिशेने झाडा, सावलीत वारा द्या. उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. सासूबाईंना दमा असेल तर हे काम त्यांच्याकडे देऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. तळाला चार इंच उंचीचे ठोकळे.

पावसुलो:
अबोलीबाय, डिह्युमिडिफायर घेतला तर? आम्ही घेतला होता. दिवसरात्र चालायचा, बादली भरायची, बिल बघून आईने बंद केला.

अबोली:
वर उघडी कौलं असलेल्या खोलीत लावला असणार. मग तो अख्ख्या डिचोलीची हवा सुकवत बसतो. छत बंद असलेली लहान खोली निवडा, खिडक्या लावून घ्या, ६० टक्क्यांवर ठेवा. पोथ्या, साड्या, औषधं, सगळं त्या एका खोलीत. तेवढंही नको असेल तर घट्ट झाकणाच्या पेट्या आणि आत हवेतला दमटपणा ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या, त्या भरल्या की बदलायच्या. आणि काहीशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा घ्याच. नाहीतर सगळा अंदाजपंचे कारभार.

घुमट:
रात्री लिहितो म्हणालो होतो, दोन रात्री गेल्या. वीज नव्हती.

सासूबाईंच्या चुलीत तथ्य आहे. चुलीच्या धुराने वासे आणि रिपा सुक्या राहायच्या, किडाही दूर राहायचा. स्वयंपाकघरावरचं लाकूड काळंकुट्ट पण ठणठणीत, आणि दिवाणखान्यावरचं पोखरलेलं, असं कितीतरी घरांत दिसतं. आता चूल परत आणा असं म्हणत नाही. पण ते काम करायला दुसरं काही ठेवलं का, हा प्रश्न विचारा.

पश्चिमेची भिंत. आमच्याकडे मिरगाच्या आधी झडीच्या बाजूला माडाच्या चुडतांची विणलेली झापं बांधायचे. भिंत आणि झाप यांच्यात वारा खेळायचा, पाऊस झापावर संपायचा. हल्ली निळं प्लास्टिक भिंतीला चिकटवून बांधतात, मग मागे घाम सुटतो आणि ऑक्टोबरात काढलं की भिंत शेवाळलेली. प्लास्टिकच बांधायचं तर वीतभर लांब, बांबूच्या चौकटीवर, खालून-वरून उघडं. कायमचं करायचं असेल तर वळचण पुढे काढा. दोन-अडीच फूट जास्त छप्पर कुठल्याही रंगापेक्षा बरं.

आता छत. तुमच्या नवऱ्याला सांगा, कौलाखाली जिप्सम म्हणजे रोग झाकून ठेवणं. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा बाहेर जाते म्हणून ते घर राहण्याजोगं असतं. खाली सपाट छत ठोकलं की मधली हवा तापून कोंडते, आणि माकडांनी एक कौल सरकवलं तर गळती महिनाभर दिसत नाही. जिप्सम पाणी पितं, पोटासारखं लोंबतं, मग एक दिवस खाली. छत हवंच तर लाकडी फळ्यांचं किंवा मातीच्या सीलिंग टाइलचं करा, वळचणीकडून हवा आत आणि आढ्याजवळून बाहेर अशी वाट ठेवून, आणि एक झाकण ठेवा जिथून डोकं घालून बॅटरी मारता येईल.

उन्हाळ्याचा ताप कमी करायला चकचकीत फॉइल कामाला येतं, पण त्याच्या चकचकीत बाजूला निदान इंचभर मोकळी हवा हवी. कौलाला चिकटवलं तर काही उपयोग नाही. वाशांवर फॉइल, त्यावर वाशांच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा आणि कौलं. अशाने झिरपलेलं पाणीही पट्ट्यांच्या मधून वळचणीला उतरतं. काचलोकर (ग्लास वूल) गोव्यात मी तरी कौलाखाली घालणार नाही. एकदा भिजली की जड होते, सुकत नाही, उष्णता अडवायची सोडून वाशांना ओल पुरवत बसते. कौलांवर पत्र्याचं दुसरं छप्पर हा हल्लीचा सोपा उपाय. गळती थांबते हे खरं, पण पहाटे पत्र्याला खालून दव येतं आणि टपटपतं. दोन्हींच्या मधे वारा जाऊ दिला नाही तर गळती नसतानाही खालचे वासे ओले.

एसी लावायचाच तर २६-२७ च्या खाली नेऊ नका. पावसात खोली २० वर नेली की भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे सासूबाईंच्या खोलीत, दव धरायला लागेल.

मांडवीकाठ:
हे सगळं पटलं तरी खर्चाचं कोणी बोलत नाही. वळचण वाढवा, पेव्हर काढा, गिलावा उतरवा, चुना लावा, चौकटी बदला. माणूस घर विकून मोकळा होईल. दिल्लीवाले टपलेलेच आहेत.

चिरेखाण:
म्हणूनच क्रम महत्त्वाचा. स्वस्त ते आधी. भिंतीलगतचे दोन फूट पेव्हर उचलणं हा एका दिवसाचा, दोन माणसांचा धंदा. तिथे फूट-दीड फूट चर, तळाला उतार, खडी भरायची आणि पाणी घरापासून लांब काढायचं. चर जोत्याच्या पायाखाली जाता कामा नये. छपराला पन्हळ लावायची. कौलं शाकारून घ्यायची. एवढं करून एक पावसाळा जाऊ द्या. निम्मी घरं तिथेच सुधारतात.

वेंगुर्लेमार्गे:
माझा प्रश्न जरा वेगळा. आम्ही पुण्यात, पेडण्याचं घर गणपती ते गणपती बंद. दर वर्षी उघडलं की आठवडा साफसफाईत. काय करावं?

अबोली:
गाद्या उभ्या ठेवा, कपाटांची दारं उघडी ठेवा, आतली सगळी दारं उघडी आणि अडकवलेली. समोरासमोरच्या भिंतींत वर जाळी लावलेल्या दोन फटी कायम उघड्या. मुख्य म्हणजे पावसाळ्यात महिन्याला एकदा शेजारच्या कुणाला आत फिरायला सांगा. त्याने काही करायचं नाही, फक्त वर बघायचं. सरकलेलं एक कौल जूनमध्ये कळलं तर कौलाची किंमत, सप्टेंबरात कळलं तर वाशाची. जाताना मेन स्विच बंद करा, ओल्या भिंतीतली वायर हा स्वतंत्र धागा होईल.

सुरंगी:
सर्वांचे आभार. फॉइल लावलं. मागच्या खोलीत ओल मागे, पश्चिमेलाही मागे, पोथ्यांच्या कपाटामागे मात्र दव पुढच्या बाजूला. देवघरात इतकं पाणी मागे साचलं की चिकटपट्टीच सुटून आली.

चिरेखाणकाका, जोतं मोजलं. पुढून दीड फूट, मागून जेमतेम चार इंच. देवघराचं कोडं सासूबाईंनी सोडवलं. राजांगणातलं पाणी जाणारी मोरी देवघराच्या भिंतीखालून मागच्या परसात निघायची. तिचं तोंड आता सापडतच नाही, वर पेव्हर आहेत. राजांगणात सांडलेली घागर कुठे जाते ते आम्ही उभं राहून बघितलं: तुळशीभोवती घुटमळते आणि हळूहळू देवघराच्या कडेने आत जिरते.

चिरेखाण:
मग देवघराच्या भिंतीला दुसरं काही करू नका, आधी मोरी मोकळी करा. आत दगडी नाली असेल तर फोडू नका. लवचिक सळईने दोन्हीकडून साफ करा, आत माती ढासळली असेल तरच पाइप घाला, तोही चार इंचांहून लहान नको. राजांगणाच्या तोंडाला जाळी बसवा, पिंपळाची पानं अडकतात.

गिलाव्याचं दिवाळीनंतर. खालचा चार-पाच फूट सिमेंट आणि पुट्टी खरवडा, दरजा साफ करा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग भिंत उघडी ठेवा. दीड फूट जाडीची भिंत एका उन्हाळ्यात पूर्ण सुकत नाही, पण वरचा थर सुकतो. पहिला चुन्याचा थर बळी जाणार हे धरून चाला. तो क्षार ओढून घेईल, वर्ष-दोन वर्षांत भुरभुरेल, काढून परत करायचा. त्यावर फक्त चुन्याचा हात. प्लास्टिक रंगाचा डबा घरात दिसला तर फेकून द्या.

सुरंगी:
दिरांना पेव्हर उचलण्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "निदान पुढचे तरी ठेवा, गाडी कुठे लावू?" पुढचे भिंतीपासून दोन फूट सोडून ठेवायचे ठरलं आहे. मागचे सोमवारी निघणार. मांडवीकाठ, काढलेले ब्लॉक कोणाला हवे असतील तर विचारा, सुस्थितीत आहेत, गाडी मात्र ज्याची त्याने आणायची.

मांडवीकाठ:
मला हवेत. गोठ्यापुढे घालतो. (भिंतीपासून लांब, काका, भिंतीपासून लांब.)